तुम्ही विचारलंत म्हणून: उमेदवाराशी बोलायला मिळतं का?

अमेरिकेतली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक कव्हर केलीये असं कळलं की लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला, कुठेही पहिला प्रश्न हाच येतो. "मग प्रत्यक्ष भेटलात का हो? बोललात त्यांच्याशी?" आणि हो म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकतात, म्हणून आज जरा नीट सांगते. भेटले, बोलले, पण त्यातून छापण्यासारखं फार काही हाती लागलं नाही. जे लागलं ते भलत्याच ठिकाणी.

आधी हे लक्षात घ्या की ऑक्टोबर आणि फेब्रुवारी हे दोन वेगळे जग आहेत. ऑक्टोबरात, म्हणजे मतदान तोंडावर आलेलं असताना, सभेच्या कितीतरी तास आधी जायचं, बॅग जमिनीवर ओळीत ठेवायची, सीक्रेट सर्व्हिसची, म्हणजे उमेदवारांना संरक्षण देणाऱ्या सरकारी यंत्रणेची कुत्री ती हुंगणार, मग बॅरिकेड लावलेल्या चौकोनात जाऊन उभं राहायचं, त्याला तिथे पेनच म्हणतात, म्हणजे इंग्रजीत कोंडवाडा. उमेदवार लांब स्टेजवर. भाषण तेच जे सकाळी दुसऱ्या गावात झालं, कुठल्या वाक्याला टाळ्या पडणार हे सोबतच्या पत्रकारांना पाठ असतं. उमेदवाराच्या विमानातून फिरणारे पत्रकार वेगळे, त्यांच्या सीटचे पैसे त्यांच्या कंपन्या भरतात आणि ती रक्कम मराठी पेपरला झेपणारी नाही. अगदी जवळ असतात ते पूलवाले, मोजके पत्रकार ताफ्यासोबत जातात आणि जे दिसलं-ऐकलं ते बाकी सगळ्यांना लिहून पाठवतात. आमच्यासारखे परदेशी रांगेत शेवटी, कारण आमचे वाचक तिथे मत देत नाहीत. मला यात काही गैर वाटत नाही, प्रचार मतदारासाठी असतो.

फेब्रुवारीतलं आयोवा मात्र वेगळं. २०२० च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकससाठी गेले होते, ३ फेब्रुवारीला होतं ते. कॉकस म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवायला गावोगाव भरणारी मतदारांची सभा, आणि तेव्हा देशात पहिला नंबर आयोवाचा असायचा. राज्याची लोकसंख्या जेमतेम ३२ लाख, मक्याची शेतं, माणसांच्या कितीतरी पट डुकरं, आणि लायब्ररीत, शाळेच्या जिममध्ये, कॅफेत उभे राहून बोलणारे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. तेव्हा त्यांच्याभोवती सीक्रेट सर्व्हिसचं कडं नव्हतं. एलिझाबेथ वॉरन सभा संपली की फोटोसाठी थांबायच्या, रांग संपेपर्यंत थांबायच्या. त्यात सँडर्स, वॉरन, क्लोबुचर या तिघा सिनेटर उमेदवारांना ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगासाठी वॉशिंग्टनला सिनेटमध्ये बसून राहावं लागत होतं, त्यामुळे वीकेंडला धावत यायचं, सभा उरकायच्या, परत पळायचं. अशाच एका सभेनंतर एका उमेदवाराला मी हातभर अंतरावरून प्रश्न विचारला. उत्तर आलं ते दहा मिनिटांपूर्वीच्या भाषणातलं वाक्य, शब्द न शब्द तसंच. मला राग नाही आला. दिवसाला एवढ्या सभा, प्रत्येक शब्दाची क्लिप होणार, माणूस ठरलेल्या वाटेनेच चालणार ना. पण तेव्हा ठरवलं की आता यांच्या मागे धावणं बंद.

मग कॉकसच्या रात्री एका छोट्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये जाऊन बसले. संध्याकाळी ७ वाजता सुरू, जे रांगेत होते त्यांना आत घेतलं. आपल्या ग्रामसभेत हात वर करतात ना, तसं सगळं उघड, फक्त इथे हात नाही, अख्खा माणूस आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. बहुतेक ठिकाणी हजर लोकांच्या १५ टक्क्यांची अट होती, तेवढे लोक जमले नाहीत तर तो गट बाद, मग त्या लोकांनी दुसऱ्या गटात जायचं, नाहीतर दुसऱ्या बाद गटाला धरून आकडा गाठायचा, नाहीतर घरी जायचं.

बायडेन यांचा गट तिथे थोडक्यात कमी पडला. त्या गटात एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या, आयुष्यभर बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. दोन-तीन गटांचे लोक त्यांना ओढायला आले, आणि आले म्हणजे कोण, तर शेजारी, चर्चमधले, एक तर त्यांच्याच हातावर जन्मलेला मुलगा, आता तिशीचा. बाईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. आपल्या गावच्या हॉस्पिटलमधलं बाळंतपण बंद झालंय, कळा सुरू झालेल्या पोरीला गाडीत घालून दुसऱ्या काउंटीत न्यावं लागतं, तुमचा माणूस याचं काय करणार? सँडर्सवाल्या पोराने मेडिकेअर फॉर ऑल सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा. बाई म्हणाल्या, बिल कोण भरणार ते सांगितलंस, डॉक्टर कुठून येणार ते नाही सांगितलंस. पोरगं गप्प झालं, मग म्हणालं, मला माहीत नाही. पीट बूटजज या आणखी एका उमेदवाराच्या गटातली एक शिक्षिका खेड्यात येणाऱ्या डॉक्टरांचं शिक्षणाचं कर्ज माफ करण्याबद्दल बोलत राहिली, बाईंनी दोनदा उलट प्रश्न केले, आणि शेवटी चालत त्या कोपऱ्यात गेल्या. जाताना त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. ग्रामीण आयोवात अशी प्रसूती युनिट्स एकामागून एक बंद होत होती, हे मी आधी कागदावर वाचलं होतं, पण त्यावर मत फिरतं हे तिथे बघितलं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल, निकाल कळवायचं ॲप बिघडलं, फोनलाइन जाम, त्या रात्री विजेताच नाही. तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, डेस्कवरून फोनवर फोन, कोण जिंकलं, कोण जिंकलं. नाव नव्हतंच कोणाकडे, म्हणून मी त्या नर्सबाईंची गोष्ट पाठवली आणि ती छापून आली. आजही वाटतं की त्या रात्रीची खरी बातमी तीच होती, ॲप नव्हे.

यावर ओळखीचे लोक म्हणतात, आयोवा बहुतांश गोरं राज्य, त्यांनाच पहिला मान का? बरोबर आहे. शिवाय रात्रपाळीवाला, लहान मूल घरी असलेली बाई दोन तास जिममध्ये कशी येणार? २०२४ ला डेमोक्रॅट्सनी पहिला नंबर साउथ कॅरोलिनाला दिला, आयोवात पोस्टाने पसंती मागवली, ते मला न्यायाचंच वाटतं. फक्त पोस्टाच्या पाकिटाला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि त्या पोराला सगळ्या गावासमोर "मला माहीत नाही" म्हणावं लागत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तिथून आलं तर उमेदवाराबद्दल विचारा, जरूर विचारा, पण लोक त्यांना काय विचारत होते हेही विचारा, त्यावर सांगण्यासारखं पुष्कळ असतं.