हॉर्नसमोर धरलेला हात

पुठ्ठ्याला ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवून आम्ही चौघांनी तो हॉर्न, म्हणजे रेडिओ लहरी पकडणारी अँटेना, बनवला होता. नरसाळ्यासारखा, पण चौकोनी. मागच्या बाजूला तांब्याच्या तारेचा एक छोटा तुकडा, त्याला ॲम्प्लिफायर, तिथून एक केबल लॅपटॉपला. डिसेंबरातली पुण्यातली सकाळ होती, गच्चीवर चांगलीच थंडी होती. हॉर्नचं तोंड आकाशाकडे केलं आणि स्क्रीनवरची रेघ खाली जाऊन स्थिर झाली. मग आम्हाला शिकवणारे सर म्हणाले, "आता समोर हात धर."

मी तळहात धरला. रेघ वर गेली. हात काढला, खाली आली.

त्या एका गोष्टीने मी या विषयात आले, असं म्हटलं तरी चालेल. कुठलीही उबदार वस्तू रेडिओ लहरी सोडते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझा हात साधारण ३१० केल्विनचा आहे आणि त्या लहरींत आकाश जेमतेम काही केल्विनचं, हे डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. आणि दोन्ही आकडे माहीत असले की आपल्या यंत्राची स्वतःची खरखर किती, तेही काढता येतं. आधी स्वतःच्या यंत्राची खरखर मोजायची, मग आकाशाबद्दल बोलायचं. संध्याकाळी आकाशगंगेच्या पट्ट्याकडे हॉर्न वळवला तेव्हा १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास एक बुटका उंचवटा दिसला, आकाशगंगेतला वायू ज्या वारंवारतेवर लहरी सोडतो तिथेच. हायड्रोजन. परभणीच्या मुलीने पुठ्ठ्यातून पाहिलेला हायड्रोजन.

ती होती आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या दोन खगोलशास्त्र संस्था मिळून कॉलेजच्या मुलांसाठी घेतात ती रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा. आज मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे आणि महिन्यातून एकदा तरी कुणाचा तरी मेसेज येतो, "ताई, यात यायचं तर कसं?" बहुतेक मुलं मराठवाड्यातली, सोलापूरकडची, नगरची. हुशारीत कुणी कमी नसतं. अडतं ते पत्रापाशी, तारखेपाशी आणि गाडीभाड्यापाशी.

माझंही अडलं होतं. पहिल्या वर्षी माझा अर्ज गेलाच नाही. कॉलेजकडून एक पत्र हवं होतं, ते कार्यालयात फायलीत पडून राहिलं. मी रोज जाऊन विचारायचे, रोज "उद्या या". बाराव्या दिवशी सही झाली, तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. मी त्या दिवशी जिन्यातच बसून रडले. पुढच्या वर्षी आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून, स्वतःच्या फोनवरून, माझ्यासमोर शिफारसपत्र पाठवलं. "आता जा, घरी सांग," म्हणाले. बाबा एसटीत वाहक आहेत, त्यांच्या पासवर रात्रीच्या गाडीने पुण्याला आले. राहण्याजेवणाची सोय तिथेच झाली.

म्हणून मुलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: पत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना महिनाभर आधी भेटा, आपण काय काय केलंय ते एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, आणि मुदतीच्या आठ दिवस आधी आठवण करा. आठवण करण्यात उद्धटपणा काही नाही. आपल्याकडे मुलींना विशेषतः हे जड जातं, मलाही गेलं.

हिवाळी शाळेच्या शेवटी आम्हाला खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला नेलं. पुण्यापासून उत्तरेला साधारण ८० किलोमीटर, नारायणगावच्या पुढे. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले टेम्पो, द्राक्षांचे मांडव, आणि मग अचानक शेतांच्या वर ४५ मीटर व्यासाची थाळी. अशा ३० आहेत. १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. फोन बंद करायला सांगितले होते. मी खाली उभी राहून वर पाहिलं तर थाळीतून आभाळ दिसत होतं. तिथल्या एका तंत्रज्ञ काकांना विचारलं, ते जवळच्याच गावातले. त्यांनी मराठीत समजावलं: "अगं, पत्रा नाही ही, जाळी आहे. स्टीलची बारीक तार. वारा आरपार निघून जातो, म्हणून खालचा सांगाडा हलका ठेवता आला." लहरीची लांबी जाळीच्या भोकापेक्षा खूप मोठी असली की त्या लहरीला जाळी म्हणजे आरसाच. जाळी ताणून दोऱ्यांच्या सांगाड्यावर बसवण्याची ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची आणि त्यांच्या चमूची. त्यामुळेच एवढी मोठी दुर्बीण आपल्याला परवडली.

स्वरूप यांची गोष्ट मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते, कारण ती नेमकी या विषयाची आहे. १९५३ साली, विशीत असताना, कोलंबो योजनेच्या फेलोशिपवर ते ऑस्ट्रेलियात सिडनीला रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेले. भारतात तेव्हा हा विषय करणारं जवळजवळ कुणी नव्हतं. तिथे पॉट्स हिल नावाच्या ठिकाणी सूर्याकडे पाहणाऱ्या सहा-सहा फुटांच्या ३२ थाळ्या होत्या, त्यांचं काम संपत आलं होतं. त्या भारताला द्या, अशी गळ त्यांनी घातली आणि ऑस्ट्रेलियाने त्या दिल्या. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्डला पीएच.डी. करून १९६३ मध्ये मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले, आणि १९६५ मध्ये त्याच थाळ्या कल्याणला उभ्या राहिल्या. आपल्या रोजच्या लोकलच्या कल्याणला! मग १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण, मग खोडद. दोन वर्षांच्या एका प्रशिक्षणातून एका देशाचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. कुणाला वाटतं, हिवाळी शाळा म्हणजे दोन आठवड्यांची सहल. मला तसं कधीच वाटत नाही.

आता पुढचा टप्पा, कारण हिवाळी शाळेनंतर मुलं गडबडतात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतरची उन्हाळ्याची सुट्टी ही सोन्यासारखी असते. एनसीआरएमध्ये व्हीएसआरपी नावाचा उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम आहे, आयुकात व्हीएसपी. दोन्हीकडे एका मार्गदर्शकाबरोबर खऱ्या प्रश्नावर काम करायचं, शेवटी बोलायचं. काम आणि मुलाखत चांगली झाली तर पीएच.डी.चा दरवाजा तिथूनच उघडू शकतो. नाहीतर प्रवेश परीक्षा आहेतच: आयुका आणि एनसीआरएची मिळून असलेली आयनॅट, शिवाय जेस्ट. बेंगळुरूला आयआयएससी या विज्ञान संस्थेचा जॉइंट ॲस्ट्रॉनॉमी प्रोग्रॅम आहे. तारखा दरवर्षी बदलतात, संस्थांच्या पानांवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर नको.

घरी मात्र प्रश्न वेगळा असतो. माझ्या आईने विचारलं होतं, "अजून किती वर्षं फी भरायची?" तिला समजावायला मला दोन दिवस लागले की यात फेलोशिप मिळते. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या जेआरएफचा, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा, दर महिना ३७,००० रुपये आहे. हा आकडा मुलांपेक्षा आईवडिलांना आधी सांगायला हवा. माझ्या वर्गातल्या दोन मुली निव्वळ हे घरी माहीत नव्हतं म्हणून बी.एड.कडे वळल्या. शिक्षिका होणं चांगलंच आहे, पण त्यांना ते व्हायचं नव्हतं.

उन्हाळ्यातलं माझं काम कशावर होतं, ते इथे लांबवत नाही. पण पहिला आठवडा सांगते. मला जीएमआरटीची एका रात्रीची फाईल दिली. मला वाटलं, आता दीर्घिकेचं चित्र काढायचं. माझ्याबरोबर बसणारी सीनिअर ताई म्हणाली, "चित्र नंतर. आधी डेटाकडे बघ." दर दोन थाळ्यांचे, म्हणजे अँटेनांचे, संकेत जुळवून बघतात; ३० अँटेना म्हणजे ४३५ जोड्या, आणि दर जोडीचा वेगळा आलेख. आम्ही एकेक अँटेना बघत गेलो. एकीच्या सगळ्या जोड्यांचे बिंदू मुरमुरे सांडावेत तसे विखुरलेले होते, म्हणजे त्या रात्री ती कामच करत नव्हती. काही वाहिन्यांवर, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यांवर, उंच सुळके होते, ते आकाशातले नव्हते, माणसांचे: कुठलं तरी प्रक्षेपण, कुठली तरी ठिणगी मारणारी विजेची तार. हे सगळं खूण करून बाजूला काढायचं, याला फ्लॅगिंग म्हणतात. मग ज्याचं तेज आधीच पक्कं मोजलेलं आहे अशा थ्रीसी-२८६ सारख्या स्रोतावरून मोजमाप बसवायचं. पुन्हा तेच, हॉर्नसमोरचा हात.

पाच दिवस मी फक्त खराब डेटा पाहिला. सहाव्या दिवशी चित्र काढलं तेव्हा ते स्वच्छ आलं, आणि का स्वच्छ आलं ते मला माहीत होतं. ही गोष्ट पुस्तकातून येत नाही, व्हिडिओतून थोडी येते, शेजारी बसलेल्या माणसाकडून पूर्ण येते. प्रशिक्षण म्हणजे माझ्या मते मुख्यतः ही शेजारची खुर्ची. ती प्रत्येक जिल्ह्यात असावी असं मला फार वाटतं. आयुका कॉलेजांतल्या, विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना सहयोगी म्हणून बोलावते, काही विद्यापीठांत तिची केंद्रंही आहेत. तुमच्या कॉलेजातले कुणी सर तिथे जात असतील, तर त्यांना गाठा.

आणि कुठेच निवड झाली नाही तरी थांबू नका. जीएमआरटीची निरीक्षणं ठराविक काळानंतर सगळ्यांना खुली होतात, नोंदणी करून मागता येतात. आकाशाच्या मोठ्या भागाचं १५० मेगाहर्ट्झचं सर्वेक्षण तर तयार चित्रांच्या रूपात उपलब्ध आहे, जुन्या लॅपटॉपवरही उघडतं. खोडदच्या दुर्बिणीवर वेळ मागायलाही कुणाला बंदी नाही, वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात, जगभरातून येतात. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी माझा पहिला प्रस्ताव लिहिला, १२ तास मागितले. मिळाले नाहीत. शेरा योग्य होता: इतके तास का हवेत, याचं गणितच मी नीट मांडलं नव्हतं. पुढच्या खेपेला मांडलं आणि आठ तास मिळाले. त्या रात्री मी कंट्रोल रूममध्ये होते, आणि सगळ्या थाळ्या एकदम मी सांगितलेल्या दिशेला वळल्या तेव्हा आईला फोन करावासा वाटला. पहाटेचे तीन वाजले होते, नाही केला.

अभियांत्रिकीची मुलं विचारतात, आमचं यात काय काम? खूप काम. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए दुर्बिणीत भारत आहे, सरकारने त्यासाठी १,२५० कोटी मंजूर केलेत, आणि तिच्या नियंत्रणप्रणालीच्या आखणीत एनसीआरएने पुढाकार घेतला. आणि आमच्याकडे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २,६०० कोटींचा प्रकल्प, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिलेला. लहानपणी श्रावणात आम्ही औंढ्याला दर्शनाला जायचो. तिथल्या शाळेतल्या मुलांना आजपासूनच कुणीतरी लेझर आणि कंपनं शिकवायला हवीत. यंत्र आपल्या दारात आणि ते चालवणारे सगळे बाहेरचे, असं व्हायला नको, हे मी मनापासून लिहिते आहे.

पीएच.डी.नंतरचं मला अजून जगायचं आहे. दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकच्या नोकऱ्या, दरवेळी नवं शहर, पुन्हा तीन-तीन शिफारसपत्रं. माझ्या पुढच्या वर्षातली ताई आत्ता त्यातच आहे, रात्री अर्ज लिहिते आणि सकाळी मला वाचायला देते.

परवा औंढ्याजवळच्याच एका मुलीने मला स्क्रीनशॉट पाठवला. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, खुल्या डेटातली एक फाईल तिने स्वतः उतरवून घेतली होती. आलेखात डब्ल्यू-०१ या अँटेनाचे बिंदू विखुरलेले. खाली लिहिलं होतं, "ताई, डब्ल्यू-०१ त्या रात्री बंद होता का, की माझंच काही चुकलं?" मी त्या दिवशीची निरीक्षणाची नोंदवही बघायला सांगितली. तासाभराने उत्तर आलं: "बंद होता. काढून टाकला. आता पुढचा बघते."