झाकोपानेच्या खानावळीत शिरलात की आधी तुळई बघा

पोलंडमधल्या क्राकूव शहराहून झाकोपाने हे डोंगरातलं गाव शंभरेक किलोमीटर. बसने अडीच तास धरा, आणि रविवारी संध्याकाळी परतू नका, रस्ता तुंबतो. क्रुपुव्की या मुख्य रस्त्यावर जागोजागी 'कार्च्मा', म्हणजे जुन्या धाटणीच्या खानावळी: ओंडक्यांच्या भिंती, बाकांवर मेंढीची कातडी. पहिल्या रात्री आम्ही अशाच एकीत बसलो. भिंतीवर टकटक केलं तर पोकळ आवाज! लाकूड नुसतं वरून चिकटवलेलं.

खरं तर 'कोलिबा' हे जुनं लाकडी घर आधी पाहायला हवं होतं. झाकोपानेत स्विस धाटणीचे बंगले उठू लागले, तेव्हा चित्रकार स्तानिस्वाव वित्कियेविच यांनी इथल्या डोंगरी गुराल लोकांच्या घरांवरून या घराचा आराखडा केला; ते 1892-93 मध्ये बांधलं गेलं. आता तिथे संग्रहालय आहे. ओंडक्यांमधल्या फटींत लाकडाच्या लांब सालपटांचा पीळ ठासलेला असतो, तो जवळ जाऊन बघा. गुराल घरात खोल्या दोन: 'काळी' रोजची, चुलीच्या धुराची, 'पांढरी' पाहुण्यांची, सणावाराची. छताच्या मुख्य तुळईवर कोरलेलं फूल आणि बांधकामाचं साल.

तिसऱ्या दिवशी गल्लीतली एक कार्च्मा सापडली. तुळईवर साल होतं, फटींत पीळही होता. मात्र चूल आणि काचेवर रंगवलेले संत एकाच दालनात, म्हणजे काळी-पांढरीची खिचडी. आपल्याकडे देवघर स्वयंपाकघरात चालतं, म्हणून मला ते खटकलं नाही.

शाकाहारींनी सांभाळा. पावाबरोबर मातीच्या वाटीत पांढरंशुभ्र काहीतरी येतं. बायकोने लोण्याचा गोळा समजून भरपूर लावलं. ते 'स्मालेत्स', डुकराची चरबी. 'पियेरोगी रुस्किए'त बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं, पण वर चरबीचे तळलेले तुकडे पेरतात, म्हणून 'बेझ स्क्वारेक' (ते तुकडे नकोत) असं आधीच सांगा. निखाऱ्यावर भाजलेलं ओस्त्सिपेक, मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, क्रॅनबेरीच्या जॅमबरोबर घ्याच. रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण, चालत नसेल तर सोडा.

आणि नोट देताना लगेच 'जेंकुये' (धन्यवाद) म्हणू नका. 'सुटे तुम्हीच ठेवा' असा त्याचा अर्थ घेतात. पहिल्या रात्री मी ते इतक्या अदबीने म्हणालो की बावीस झ्लोटी (पोलंडचं चलन) गेले.