तिने प्रतिनिधी म्हणून माझे नाव लिहिले नाही

माझ्या पत्नीच्या बायपोलर आजाराचे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणाऱ्या मानसिक आजाराचे, निदान २०१९ मध्ये झाले. त्या वेळी मी जम्मू-काश्मीरमध्ये फिल्डवर होतो आणि ती दोन्ही मुलींसह नागपूरजवळच्या कामठीच्या क्वार्टरमध्ये राहत होती. धाकटीच्या बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच आजार उफाळून आला. तो काळ या आजारासाठी फार धोक्याचा असतो, असे डॉक्टरांनी पुढे सांगितले. फौजेतल्या माणसाच्या घरी असा आजार आला की औषधोपचाराइतकाच मोठा प्रश्न असतो, तो म्हणजे नवरा दूर असताना आजारी पत्नीच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा. आमचा संसार याच प्रश्नावर ताणला गेला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो आहे.

पहिली खूण शेजारच्या हवालदारांच्या पत्नीने ओळखली. रात्री तीन वाजता आमच्या क्वार्टरमधून भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्या पाहायला गेल्या, तर हिने लग्नात आलेली आणि कधीही न वापरलेली पितळेची भांडीसुद्धा अंगणात काढून चिंचेने घासायला घेतली होती, आत बाळ रडत होते, आणि ही भांडी विकून कॉलनीतल्या मुलांसाठी शाळा काढणार असल्याचे ती त्यांना मोठ्या उत्साहाने सांगत होती. झोप जवळजवळ बंद होऊनही थकवा न जाणवणे हे उन्मादाचे ठळक लक्षण आहे. फोनवर मला मात्र तिचा भरभरून बोलणारा आवाज तेवढा ऐकू येई, आणि दूर असलेल्या माणसाला असा आवाज दिलासाच देतो. म्हणून फिल्डवर असलेल्यांना मी आग्रहाने सांगतो की, घरी पत्नीला झोप किती लागते, हे शेजारच्या कोणाला तरी विचारत जावे.

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते, परंतु या आजाराचे चढउतार रजेच्या हिशेबात बसत नाहीत. घरच्या अडचणीवरून जवळच्या ठिकाणी बदली मागता येते. अर्जात आजाराचे नाव लिहू नकोस, दुसरे काहीतरी कारण दे, असे एकाने मला सुचवले होते. मी नाव स्पष्ट लिहिले आणि डॉक्टरांचे कागद जोडले. बदली मिळाली, पण उशिरा.

घरातल्या बोलण्याचा त्रास यापेक्षा मोठा होता. उन्मादात असताना, मी दुसऱ्या बाईबरोबर संसार थाटला आहे, असे ती साऱ्या नातेवाइकांना फोन करून सांगत असे. त्यानंतर नैराश्य आले, तेव्हा फोन कानाला लावूनही ती एक शब्द बोलत नसे. मागे कूलरची घरघर चाललेली असायची आणि तेवढ्यावरून फोन चालू असल्याचे मला कळायचे. माझे काका म्हणाले, "पोरींले इथं ठेव अन् तिले माहेरी धाडून दे, फौजेतल्या माणसाले असा संसार नाही झेपत." हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, हे खरे. मात्र केवळ निदान पुरेसे नसते. जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षाच वाजवी ठरू नये इतका विकार तीव्र असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे. मला घटस्फोट नकोच होता. काकांना मी हा कायदा एवढ्यासाठीच सांगितला की, तो विषय घरात पुन्हा निघू नये.

उपचारात लिथियम सुरू झाले आणि धाकटीला वरचे दूध द्यावे लागले. या औषधाचे रक्तातील प्रमाण शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी तपासतात, आणि ते बहुधा ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर या मर्यादेत ठेवतात. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्याही नियमित कराव्या लागतात. नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो, घामाने शरीरातले पाणी आणि मीठ कमी होते आणि तीच गोळी अंगात जास्त साठू लागते. त्यामुळे नवतपा लागला की आमच्या घरात तिचे पाणी वेळेवर होते ना, यावर मोठी मुलगीही लक्ष ठेवते. जेवणातले मीठ एकाएकी कमी करायचे नाही, डोकेदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घ्यायचे नाही, आणि हातांची थरथर वाढली, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जाऊ लागला तर थेट दवाखाना गाठायचा, हे सर्व स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावले आहे. उन्मादावरचा लिथियमचा उपयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध करणारे ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे युद्धकैदी होते, हे कळल्यापासून तिला त्या गोळीविषयी थोडी आपुलकी वाटू लागली.

ती बरी असताना आम्ही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ समजून घेतला. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, हे सज्ञान व्यक्तीला आगाऊ निर्देश म्हणून लिहून ठेवता येते. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमता येतो आणि ती नेमणूक केव्हाही बदलता येते. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याला दाखल करून घेण्याचा अर्ज हाच प्रतिनिधी करतो. असे दाखल करणे सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी असते.

त्या कागदावर तिने तिच्या थोरल्या बहिणीचे नाव लिहिले. "तुम्हाला तिकडून यायला दोन दिवस लागतात. ताई मानकापूरहून अर्ध्या तासात येते. रागावू नका," असे ती म्हणाली. माझ्या नोकरीच्या प्रत्येक कागदावर, फंडापासून विम्यापर्यंत, वारस म्हणून तिचे नाव आहे. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटले आणि ते मी तिच्यापासून लपवले नाही. तरीही तिने नाव बदलले नाही.

पुढे पुन्हा झोप उडाली तेव्हा ताई आल्या, कागदात लिहिलेल्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेल्या आणि दाखल करण्याच्या अर्जावर सही केली. मी पोहोचलो तेव्हा निर्णय झालेला होता. वॉर्डात ती ताईंवर प्रचंड चिडलेली होती, "तूच मला कोंडलंस," असे ओरडत होती आणि मी आणलेला डबा मात्र माझ्या हातून घेऊन जेवत होती. सही माझी असती, तर तो सगळा राग आमच्या दोघांमध्ये येऊन बसला असता. ताईंनी तो सोसला. दोघी बहिणींचे बोलणे सुरळीत व्हायला बराच काळ जावा लागला, आणि ताईंचे हे ऋण मी मानतो.

आता मी पेन्शनवर आहे आणि घरीच असतो. लष्करातील लोकांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मी फिल्डवर असलेल्या ओळखीच्या प्रत्येक जवानाला देतो. प्रतिनिधीचे नाव बदलायचे का, असे मी तिला निवृत्तीनंतर विचारले. ताईंचेच नाव राहू द्या, असे ती म्हणाली आणि या वेळी मलाही ते पटले. फक्त निर्देशात तिने एक ओळ वाढवून घेतली आहे: मला दाखल करावे लागले, तर मुलींना "आई मामाकडे गेली" असे सांगू नये, खरे तेच सांगावे आणि भेटायला आणावे.