रॉलिकिंग म्हणजे पी-ढबाक

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मी बारावीच्या मुलांचे इंग्रजीचे क्लास घेते. परवा एका उताऱ्यात ‘रॉलिकिंग’ हा शब्द आला आणि मागच्या बाकावरून प्रश्न, “मॅडम, म्हणजे राडा का?”

“राडा नव्हे रे. राड्यात कुणाचं तरी डोकं फुटतं.”

रॉलिकिंगमध्ये नुसता दंगा पुरत नाही. अंग आपोआप हलायला लागतं, आणि मनात खोट नसते. मग मी पोरांना टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोली देवीची, आठवण करून दिली. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी पेठापेठांतून त्र्यंबोलीची यात्रा निघते. बायका-पोरींच्या डोक्यावर त्या पाण्याचे कलश, पुढं पिपाणी आणि ढोल. त्यांच्या आवाजावरूनच वाद्याला पी-ढबाक नाव पडलंय. देवीची टेकडी येईपर्यंत एकाचा पाय जमिनीवर सरळ पडत नाही. माझाही पडत नाही, गुडघे दुखत असले तरी. रॉलिकिंग ते हे!

गणपती विसर्जनातल्या साउंड सिस्टीमच्या भिंती मात्र मी या शब्दात बसवणार नाही. तिथं छाती धडधडते, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्याला डेफनिंग म्हणा आणि सोडून द्या. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल सामन्यात गोल पडल्यावर प्रेक्षकांत जे उसळतं ते रॉलिकिंग. तीच मंडळी बाहेर येऊन हुल्लडबाजी करू लागली की रावडी. शाळा सुटल्यावर घर डोक्यावर घेणारी पोरं बॉइस्टरस.

हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. रॉम्प (धिंगाणा) आणि फ्रॉलिक (बागडणं) यांच्या मिसळीतून झाला असावा, असा कोशकारांचा अंदाज. तो बहुतेक वेळा नामाच्या आधी बसतो : अ रॉलिकिंग साँग, अ रॉलिकिंग गुड टाइम. एका मुलीनं ‘द पार्टी वॉज व्हेरी रॉलिकिंग’ लिहिलं. व्याकरण चुकलं नाही, पण कानाला खटकतं. आज तो जास्त भेटतो पुस्तकांच्या नि नाटकांच्या परीक्षणांत. रोजच्या बोलण्यात जरा जुनाट वाटतो. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय हॅव अ रॉलिकिंग नेचर’ म्हणू नका म्हणजे झालं.

ब्रिटिश बोलीत मात्र हाच शब्द नाम झाला की आनंद संपतो. तिथं ‘अ रॉलिकिंग’ म्हणजे सडकून बोलणी. हाफटाइमला खेळाडूंना प्रशिक्षकाकडून मिळते ती. एका शिवीला सभ्य कपडे घालून हा अर्थ आला, असं म्हणतात. मूळ शिवी मी वर्गात सांगितली नाही. पोरांनी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शोधून आणली, उच्चारासकट.