ई एकच, जागा पाच

सतराव्या बारपाशी, म्हणजे तालाच्या सतराव्या कप्प्यापाशी, आम्ही चौथ्यांदा थांबलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक वाजवणाऱ्याची नाही, कागदाची आहे. आम्ही चौघं एकत्र गिटार वाजवतो आणि चौघांचे पार्ट मी लिहिते. त्या बारमध्ये तिसऱ्या गिटारला ‘ई’ हा एक लांब सूर आहे. लिहिताना तो मला तिसऱ्या तारेवर, नवव्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) ऐकू येत होता. भरलेला, जरासा झाकलेला, डाव्या हाताचं बोट हलवलं की थरथरणारा. वाजवणाऱ्यानं कागदावर ई पाहिला आणि पहिली तार मोकळी छेडली. सूर तोच, पण आवाज इतका लख्ख की वरच्या गिटारची सुरावट त्यात बुडून गेली.

पियानोवर हा प्रश्नच येत नाही, तिथे एका सुराला एकच पट्टी. गिटारवर मात्र हा ई पहिल्या तारेवर मोकळा मिळतो, दुसरीवर पाचव्या फ्रेटला, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या आणि पाचवीवर एकोणिसाव्या. इलेक्ट्रिक गिटारला २४ फ्रेट असतील तर सहावीवरही. प्रत्येक जागेचा रंग निराळा, आणि पुढचा सूर कोणत्या बोटाला सोपा पडेल तेही जागेवरच ठरतं. गिटारच्या पार्टमध्ये जागा लिहिलेली नसेल तर तो पार्ट अर्धाच लिहिलेला असतो.

तोवर मी तारांचे आकडे छापील कागदावर पेन्सिलनं घालत असे. चार प्रती काढल्या की एखादीवर राहून जायचे. त्या तालमीनंतर ठरवलं, की आता गिटारची भाषा समजणारा, संगणकावर संगीत लिहिण्याचा प्रोग्रॅम नीट पारखून निवडायचा.

पारखायला मी आठ बारचं एक पान तयार केलं. कोणता प्रोग्रॅम काय काय करतो याच्या याद्या वाचून काहीच ठरत नाही, हे मी आधीच करून पाहिलं होतं. त्या पानात माझ्या रोजच्या लिखाणातल्या सगळ्या अडचणी घातल्या. खाली अंगठ्यानं धरून ठेवलेला बास आणि वर हलती सुरावट, म्हणजे एकाच स्टाफवर (सूर लिहायच्या पाच रेघांवर) दोन आवाज, एकाच्या दांड्या वर आणि दुसऱ्याच्या खाली. गोलातले तारांचे आकडे. डाव्या हाताच्या बोटांचे १ ते ४ आणि उजव्या हाताच्या बोटांची, अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत, पी, आय, एम, ए ही अक्षरं. तीन बार चालणारा अर्धा बॅरे, म्हणजे एकाच बोटानं काही तारा एकत्र दाबून धरणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तारेला हलकाच स्पर्श करून काढलेला सूर. सहावी तार डी-ला उतरवलेली. आणि शेवटी एक बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला सूर, वर जाऊन परत खाली येणारा, आपल्या मींडेच्या जवळचा.

हे पान मी एकामागून एक चार प्रोग्रॅममध्ये लिहिलं.

गिटार प्रोमध्ये ते सर्वांत लवकर उतरलं. बाणाच्या बटणांनी तारेवर जायचं, फ्रेटचा आकडा दाबायचा, की वरच्या स्टाफवर सूर आपोआप उमटतो. जागा आधी, सूर नंतर. बेंड, स्लाइड, हॅमर-ऑन अशा डाव्या हाताच्या सगळ्या करामती हाताशी असतात. ज्यांचं संगीत थेट बोटांतून येतं, विशेषतः इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना, मी आजही हाच सुचवते. मी मात्र आधी आवाजांचा विचार करते. कोणता सूर किती वेळ टिकतो, बास कुठे सुटतो हे आधी, आणि बोटं त्यानंतर. त्यामुळे माझ्या डोक्याची वाट आणि या प्रोग्रॅमची वाट उलट दिशांनी चालत होती.

डोरिको २०१६ साली आला. त्यामागची मंडळी पूर्वी सिबेलियस हा असाच प्रोग्रॅम घडवणारी. त्याची एक कल्पना मला फार आवडली. आधी वादक ठरवायचे, मग संगीताचे सलग तुकडे, आणि त्यातून कोणाला कोणतं पान द्यायचं ते शेवटी. एका फाईलमध्ये बारा छोटे अभ्यास ठेवायचे असतील तर ही रचना अगदी योग्य बसते. दोन आवाजांमध्ये टिंबं, विराम, बोटांचे आकडे एकमेकांना वाट देत नेटके बसले. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिणारी असते तर मी इथेच थांबले असते.

लिलीपाँडबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्यानं माझी लिहिण्याची सवयच बदलली. त्यात माउसनं सूर टाकायचे नसतात, सगळं अक्षरांत टाइप करायचं. सुराचं नाव, लांबी, आणि मागे उलटी तिरकी रेघ देऊन तारेचा आकडा. तोच मजकूर टॅबच्या स्टाफला, म्हणजे तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे दाखवणाऱ्या स्टाफला, दिला की फ्रेट तो स्वतः काढतो. पहिल्या दिवशी आठ बारना माझी अख्खी संध्याकाळ गेली. पण प्रत्येक सुराशी थांबून ‘हा कोणत्या तारेवर?’ असं मला स्वतःला विचारावं लागलं, आणि तिथे माझ्याच लिखाणातल्या दोन जागा वाजवायला अशक्य निघाल्या. एकाच तारेवरचे दोन सूर मी एकाच वेळी मागितले होते. पडद्यावर ठिपके टाकताना हे कधी दिसलं नव्हतं. लिलीपाँड १९९६ पासून चालू आहे, मोफत आहे, आणि त्याची फाईल म्हणजे साधा मजकूर, कुठेही उघडणारा.

तरी रोजच्या कामासाठी मी म्यूझस्कोर घेतला. तोही मोफत आणि मुक्त स्रोत, आणि माझ्यासाठी हे कारण मोठं आहे. माझ्याकडून पार्ट घेणाऱ्या प्रत्येकाला फाईल उघडता यायला हवी, त्यात स्वतःची बोटं लिहिता यायला हवीत. त्यात स्टाफ आणि टॅब एकमेकांना जोडून ठेवता येतात. एकात बदललं की दुसऱ्यात बदलतं. टॅबमधला आकडा निवडून कंट्रोलबरोबर वरचा किंवा खालचा बाण दाबला, की सूर तोच राहून शेजारच्या तारेवर सरकतो. माझा ई असाच पहिल्या तारेवरून दुसरीवर, मग तिसरीवर उतरवत गेले आणि ०, ५, ९ हे आकडे बदलताना पाहिले. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीत बेंड लिहिण्याची पद्धत नव्यानं केली आहे. त्यामुळे माझ्या पानातला शेवटचा बारही हवा तसा उतरला.

कोणताही प्रोग्रॅम घ्या, एक गोष्ट पहिल्या मिनिटाला तपासा. गिटार लिहिली जाते त्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते. वाद्य म्हणून ‘गिटार’ निवडलं असेल तर स्टाफच्या सुरुवातीच्या ट्रेबल क्लेफ या चिन्हाच्या पायाशी छोटा ८ दिसतो, किंवा प्रोग्रॅम आतल्या आत सप्तक सांभाळतो. दुसऱ्या वाद्याच्या स्टाफवर गिटार लिहिली तर ऐकताना सगळं एक सप्तक वर लागतं, आणि बासरीबरोबरचा तोल कागदावर आहे तसा वाटतो, खोलीत मात्र वेगळाच निघतो.

टॅब द्यावा की नाही, यावर माझं मत ठाम आहे. नवशिक्यांना दोन्ही द्यावेत, स्टाफ वर आणि टॅब खाली. टॅब जागा सांगतो, पण कोणता सूर किती वेळ धरायचा आणि मधला आवाज कुठून कुठे चालला आहे, हे त्यात दिसत नाही. आमच्या चौघांच्या पार्टमध्ये मी फक्त स्टाफ ठेवते आणि तारेचा आकडा शंका असेल तिथेच घालते. प्रत्येक सुरावर आकडे चिकटवले की वाचणाऱ्याची नजर अडखळते. टॅबनं पानाची जागाही जवळपास दुप्पट जाते, आणि गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, पान उलटायला तिसरा हात नाही. म्हणून पान कुठे तुटतं ते मी स्वतः ठरवते, शक्यतो जिथे त्या वादकाला दोन बार विराम आहे तिथे. स्टाफची उंची ७ मिलिमीटर. त्याहून लहान केली की स्टँडवरून गोलातला २ आणि ३ ओळखताना डोळे ताणावे लागतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फिनाले’चा विकास थांबवत असल्याचं मेकम्यूझिक कंपनीनं जाहीर केलं. १९८८ पासून चालत आलेला प्रोग्रॅम. मी तो वापरत नव्हते, तरी त्या रात्री स्वतःच्या फाईलींकडे निराळ्या नजरेनं पाहिलं. आता प्रत्येक पार्ट तीन रूपांत ठेवते: प्रोग्रॅमची मूळ फाईल, पीडीएफ आणि वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडता येणारं म्यूझिकएक्सएमएल. या तिसऱ्या रूपात सुराबरोबर तार आणि फ्रेट लिहिण्याची सोय आहे, म्हणून ते मला महत्त्वाचं. आठ बारचं पान एका प्रोग्रॅममधून काढून दुसऱ्यात उघडायचं आणि गोलातले आकडे शाबूत आहेत का ते बघायचं, ही माझ्या पारखणीतली शेवटची पायरी.

एका गोष्टीचा निर्णय अजून झालेला नाही. नव्या रचनेत एक उतरती सुरावट आहे, लागोपाठचे सूर वेगवेगळ्या तारांवर, म्हणजे आधीचा सूर वाजत राहतो आणि पुढचा त्यात मिसळतो, घंटांसारखा. प्रत्येक सुराची खरी लांबी लिहिली तर एका स्टाफवर चार आवाज होतात आणि पान काळंभोर दिसतं. साधे आठव्या भागाचे सूर लिहून वर ‘वाजत राहू द्या’ अशी रेघ ओढली तर पान स्वच्छ राहतं, पण कोणता सूर नेमका कुठे थांबवायचा ते हरवतं. दोन्ही छापून ठेवलं आहे. रविवारी तिसऱ्या गिटारच्या स्टँडवर आधी दुसरं पान ठेवणार आहे, तारांच्या आकड्यांसह.