तुम्ही विचारलंत म्हणून : मॅथ्स ठेवावं की बायो?

मे महिन्यात दहावीचा निकाल लागतो आणि मला घराबाहेर पडायची सोय उरत नाही. नागपुरात गोकुळपेठेच्या भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठेही कुणीतरी गाठतंच. "मॅडम, पोट्टी ऐकूनच नाही राहिली. तुम्हीच सांगा, अकरावी सायन्सला मॅथ्स ठेवावं की बायो?" मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे मी कुणाच्याच बाजूची नाही असं लोकांना वाटत असावं. उत्तर मात्र त्यांना एका शब्दात हवं असतं, कांद्याचा भाव विचारावा तसं. उभ्या उभ्या ते देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आधी माझं मत सांगते, कारणं नंतर. ज्या विषयाचं पुस्तक मूल कुणी न सांगता उघडतं, तो विषय ठेवा. दहावीच्या मार्कांवरून ठरवू नका. आणि "दोन्ही ठेवू, मग बघू" हे बहुतेक घरांत चुकतं.

दहावीच्या मार्कांचं आधी बघू. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर 'विज्ञान व तंत्रज्ञान' असा एकच आकडा असतो. भाग एकमध्ये बहुतेक फिजिक्स-केमिस्ट्री, भाग दोनमध्ये बहुतेक जीवशास्त्र आणि पर्यावरण. दोन्हींचे चाळीस-चाळीस आणि शाळेकडचे वीस मिळून शंभर. त्यात बायो कच्चं की पक्कं, हे त्या आकड्यावरून कळायला काही मार्गच नाही. तरी दरवर्षी कुणीतरी येऊन सांगतं, "सायन्समध्ये ब्याण्णव आहेत, म्हणजे बायोच ना?" गणिताचं त्याहून वेगळं नाही. दहावीचं गणित सराव करकरून निघतं. अकरावीचं तसं निघत नाही, तिथे गणित समोर आल्यावर कुठून हात घालायचा हेच आधी शोधावं लागतं.

आता परीक्षांकडे या. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, ७२० मार्कांची, त्यातले ३६० बायोचे. एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसी-ॲग्रीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, २०० मार्कांची. पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपात गणिताचे १०० आणि पीसीबी (मॅथ्सच्या जागी बायो) ग्रुपात बायोचे १००. म्हणजे तुम्ही जो विषय निवडता, निम्मा पेपर त्याचा. हे एवढं एक वाक्य जरी पालकांनी घरी नेलं तरी माझं अर्धं काम होईल. कारण आमच्याकडे बायो घेणाऱ्यांतली बरीच मुलं बायो आवडतं म्हणून घेत नाहीत, गणित नको म्हणून घेतात. त्यांना वाटतं, आता आकडेमोड संपली. मग जूनअखेर माझ्या वर्गात येतात. अकरावी फिजिक्सचा पहिला धडा मोजमापाचा, दुसरा धडा 'मॅथेमॅटिकल मेथड्स', व्हेक्टर आणि कॅल्क्युलस. तिथे चेहरे बघावेत. गणिताला मागच्या दाराने सोडायला गेलेले, फिजिक्सच्या पुढच्या दारात ते उभंच. नीटमध्ये फिजिक्सचे १८० मार्क आहेत, आणि भल्याभल्यांची सीट तिथेच अडते. तेव्हा गणिताच्या भीतीने बायो घेणाऱ्याला मी सरळ सांगते, भीती आहे तिथेच राहणार आहे. बायो त्याने घ्यावं ज्याला तीन पानांचं वर्णन वाचून कंटाळा येत नाही, नावं लक्षात राहतात, आकृती काढताना हात चालतो.

कुठला विषय सोडल्याने काय बंद होतं, हे मात्र आकडे बघावेत तसं कोरडेपणाने बघावं. बायो सोडलं तर नीट बंद. म्हणजे आपल्याकडची मेडिकल आणि मेयो ही सरकारी कॉलेजं, मिहानमधलं एम्स, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, आणि जे लोकांच्या लक्षातच नसतं ते सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज. जनावरांचा डॉक्टर व्हायलाही नीटच लागते. गणित सोडलं तर इंजिनिअरिंग बंद, म्हणजे व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी, अमरावती रोडचं एलआयटी. आर्किटेक्चर बंद. पायलटचं लायसन्स काढायचं असेल तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. एनडीएतून नेव्ही किंवा एअर फोर्सला जायचं तर त्या दोन विषयांबरोबर केमिस्ट्रीही हवी. आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते. मर्चंट नेव्ही, आपल्या नागपुरातल्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयाची फायर इंजिनिअरिंगची डिग्री, सगळीकडे गणित. थोडक्यात बायोच्या मागे एक मोठं, पण गच्च गर्दीचं दार आहे. गणितामागे लहानमोठी बरीच आहेत.

काही दारं दोन्हीकडून उघडतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. बी.फार्म पीसीएमवरही होतं आणि पीसीबीवरही. बी.एस्सी. ॲग्रीचंही तसंच, सीईटीचा कोणताही ग्रुप चालतो. महाराजबागेला लागून एवढं जुनं कृषी महाविद्यालय उभं आहे. विदर्भातली निम्मी घरं शेतीशी बांधलेली. कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था नागपुरात, संत्र्याची नागपुरात, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालयही नागपुरातच. आणि घरात "ॲग्री घेऊ का" असं मुलीने म्हटलं की बाबा म्हणतात, शेतीच करायची होती तर शिकवलं कशाला!

आता "दोन्ही ठेवू". पीसीएमबी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पैसे दोन बँकांत ठेवल्यासारखं. पण इथे गुंतवायचा असतो वेळ, आणि तो दोन खात्यांत सारखा राहत नाही. केमिस्ट्री-फिजिक्स तर आहेतच. त्यावर गणिताचा रोजचा सराव आणि बायोचं रोजचं वाचन. शिवाय दोन्हींचे क्लास. बहुतेक मुलं दिवाळीपर्यंत एक विषय मनातून सोडून देतात, कागदावर मात्र तो बारावीपर्यंत राहतो आणि बोर्डाची टक्केवारी खातो. जी मुलं खरंच दोन्ही पेलतात ती आम्हाला पहिल्या महिन्यातच दिसतात, त्यांना मी कधी अडवत नाही. एखादीला अजून खरंच ठरवता येत नसेल, तर अकरावीचे पहिले काही आठवडे दोन्ही ठेवायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती घरातलं भांडण टाळायला दोन्ही ठेवण्याला. आईला डॉक्टर हवी, बाबांना इंजिनिअर हवी, म्हणून मुलगी चार विषय ओढते.

आणि बायो सोडलं म्हणजे जन्माची गाठ सुटली असंही आता नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं की बारावी झाल्यावर बायो जादा विषय म्हणून पास केला तरी नीटला बसता येतं. रस्ता लांबचा आहे, पण आहे.

नागपुरात बायफोकलचं, म्हणजे सायन्ससोबत घ्यायच्या व्यावसायिक विषयाचं, वेगळंच प्रकरण असतं. "सीएस मिळालं का?" हा निकालानंतरचा दुसरा प्रश्न. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की २०० मार्कांचा तो विषय दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुधा बायो, यांच्या जागी येतो. बोर्डात मार्क चांगले पडतात म्हणून ओढ. ठीक आहे. पण त्यासाठी घराजवळचं बरं कॉलेज सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारी मुलं बघितली की हसावं की रडावं कळत नाही. सीईटीत त्या विषयाचा एकही प्रश्न नसतो.

टाय-अप कॉलेजबद्दल, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं खासगी क्लासमध्ये, विचारलं की मी जपून बोलते, कारण मी स्वतः कॉलेजात नोकरी करते आणि लोकांना वाटणार, ही आपल्या पोटावरचं बोलतेय. तरी सांगते. ज्या मुलाला दिवसभर क्लासमध्येच बसायचंय त्याने प्रॅक्टिकल कुठे आणि कोण घेणार हे पैसे भरायच्या आधी विचारावं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, प्रत्येकाला बोर्डात ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. स्क्रू गेज हातात न धरलेलं मूल परीक्षेच्या दिवशी ते बाहेरच्या परीक्षकासमोर पहिल्यांदा धरतं, तो प्रसंग कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

मराठी शाळेतून येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सेमी-इंग्लिशवाल्यांचं निभतं. पूर्ण मराठीतून आलेल्यांना पहिले दोन महिने इंग्रजी सायन्स जड जातं आणि त्याचा दोष ते आपल्या डोक्याला देतात. विषय तुमचा असेल तर भाषेपायी सोडू नका. नीटचा पेपर मराठीतही मिळतो.

बऱ्याचदा तर मॅथ्स की बायो हा मुळात प्रश्नच नसतो. मूल सायन्सचं नसतं आणि घरात ते म्हणायची सोय नसते. कॉमर्सला जाऊन सीए करायचं तर फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतरच होते, परीक्षा बारावीनंतर. कॉमर्समध्येही मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) ही निवड असते, आणि सीएच्या फाउंडेशनला गणिताचा पेपर आहे हे लक्षात ठेवा. आर्ट्सबद्दल लोक आवाज खाली करून विचारतात. वकिलीची पाच वर्षांची डिग्री कुठल्याही शाखेतून होते, राष्ट्रीय विधी विद्यापीठ इथेच वारंग्याला आहे. यूपीएससी-एमपीएससीला डिग्री लागते, शाखा लागत नाही. आणि आर्ट्सला गणितही घेता येतं, अर्थशास्त्रासोबत ते घेणारी मुलगी मला भेटली तर मी तिला चहा पाजेन.

डिप्लोमाकडे मात्र थोडं थांबते. माझ्या शेजारच्या गल्लीतला एक मुलगा घरातले पंखे, कूलरचे पंप उघडून बसायचा. (नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करता येणाऱ्या मुलाला किती मान असतो ते सांगायला नको.) दहावीला मार्क बरे, फार नाहीत. घरच्यांचं अकरावी सायन्स ठरलेलं. मी म्हटलं, पॉलिटेक्निकचा फॉर्म तरी भरा. दहावीच्या मार्कांवर प्रवेश, तीन वर्षं, आणि नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. "बारावी नाही केली म्हणजे कसं होईल मॅडम?" त्याच्या आईला तेवढंच खटकत होतं. तो सदरच्या सरकारी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलला गेला. आता डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्याबरोबर बारावी करून आलेल्यांना मशिनच्या प्रॅक्टिकलला तोच मदत करतो. आयटीआयचंही तेच, दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत फिटर-इलेक्ट्रिशियन लागतातच.

मग ठरवायचं कसं? मी पालकांना एक काम देते. बालभारतीच्या साइटवर अकरावीची पुस्तकं फुकट आहेत. सुट्टीत बायोचा एक धडा आणि गणिताचा एक धडा काढून मुलाच्या टेबलावर ठेवा. शिकवणी नको, परीक्षा नको, विचारूही नका. आठवडाभराने बघा कुठल्यावर पेन्सिलच्या खुणा आहेत. राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीला सरकारी कलचाचणी होत होती, तीही मुलं गंमत म्हणून द्यायची. माझा मात्र पेन्सिलच्या खुणांवर जास्त विश्वास आहे. दोन्हींवर एकही नसेल, तर वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचा.

कागदांचं आता भराभर. प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर शेजाऱ्याच्या मुलाचं कॉलेज टाकू नका. राखीव प्रवर्गातल्यांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजातून करावा, बारावीच्या निकालानंतर धावपळ होते ती भयंकर. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या नॉन-क्रिमिलेअर मुलांनी महाज्योती या सरकारी संस्थेची जाहिरात बघत राहावी. जेईई-नीट-सीईटीची ऑनलाइन शिकवणी फुकट आणि टॅबही मिळतो. कार्यालय आपल्याच शहरात आहे. मुलींच्या आईवडिलांनी हेही ऐकावं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी २०२४-२५ पासून सरकार पूर्ण भरतं. "मुलीला एवढा खर्च" हे कारण तिच्यापुढे ठेवण्याआधी एकदा चौकशी करा.

एवढं करूनही निवड चुकलीशी वाटली, तर बहुतेक कॉलेजं सुरुवातीच्या काही आठवड्यांत विषय बदलू देतात. मुदत प्रत्येकाची वेगळी, ती प्रवेशाच्या दिवशीच ऑफिसातून लिहून घ्या. आणि अर्ज घेऊन याल तेव्हा पहिल्या चाचणीचे मार्क आणू नका, दोन्ही विषयांच्या वह्या आणा. मुलालाही सोबत आणा, पण बोलू त्यालाच द्या.