उजवा ब्रेक

फ्रायबुर्गहून कायमचा परत येऊन चार महिने झाले, माझी सायकल मात्र अजून बंदरात कंटेनरमध्येच. म्हणून आज आरेतल्या हौशी रेसला मावसभावाची सायकल घेऊन गेलो. दहिसरहून, लोकलच्या लगेज डब्यातून. "चाक सांभाळ रे बाबा, पापलेट आहे त्यात," इति टोपलीवाल्या मावशी.

पहिला उतार झकास. दुसऱ्या वळणावर चिखल, म्हणून मागचा ब्रेक हलकेच दाबला आणि थेट हँडलवरून पलीकडे! जर्मनीत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं हे डोक्याने पहिल्याच दिवशी मान्य केलं. पण ११ वर्षांची सवय, बोटांना कोण सांगणार?

कोपर सोललं, हेल्मेटमध्ये गवत. मागून आलेला एक शाळकरी पोरगा थांबला. "काका, लागलं का?" (काका!) आणि स्वतःची रेस सोडून माझी उतरलेली चेन बसवून दिली. तो शेवटून दुसरा आला. शेवटचा कोण, ते विचारू नका.

घरी आई हळद लावताना म्हणाली, "तिकडे पण असाच पडायचास का रे?"

पडायचो. फोनवर सांगायचो नाही, एवढंच.